उंदेरीचं बेट : एका बालनाट्याच्या नेपथ्याच्या नोंदी

परळमधल्या आमच्या चाळीतली मुलं दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत नाटक करतात. यंदाचं नाटक दोनच पात्रांचं आहे, पाऊण तासाच्या आतलं. नेपथ्य माझ्याकडे आहे. बेट, समुद्र आणि भरती-ओहोटी हौशी रंगमंचावर थोडक्या पैशांत उभं करायचं असेल तर या नोंदींचा उपयोग होईल, म्हणून त्या त्या दिवशी लिहून ठेवते आहे.

३ एप्रिल

गोष्ट अशी. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटाचं काम सुरू केलं. बेट मुंबईच्या तोंडाशी, म्हणून इंग्रजांनी ते अडवायला गलबतं पाठवली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने त्यांचं 'डव्ह' हे गुराब (लढाऊ जहाज) पकडलं, कॅप्टन केग्विनचं 'रिव्हेंज' मात्र शेवटपर्यंत झुंजत राहिलं. इथवर इतिहास. पुढचं आमच्या लेखक दादाने रचलं आहे. त्या धुमश्चक्रीत एक टोपीकर, म्हणजे इंग्रज खलाशी पाण्यात पडतो आणि पोहत शेजारच्या उंदेरीच्या खडकावर लागतो. तिथे आधीच एक पाथरवटाची पोर अडकलेली आहे. खांदेरीवर बापाला भाकरी पोचवायला निघालेली तिची पडाव (छोटी होडी) खडकावर फुटली आहे. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. पडावीला भोक आहे, त्यामुळे एकाने वल्हवायचं आणि एकाने पाणी उपसायचं. एकट्याने कुणालाच सुटता येणार नाही. सिद्दी कासमने उंदेरी घेतली ती जानेवारी १६८० मध्ये, म्हणजे ऑक्टोबरात ते बेट रिकामं होतं. दादाने हे बरोबर हेरलं आहे.

आज शाळेच्या हॉलचा रंगमंच मोजला. रुंदी अठरा फूट, खोली बारा, वरचा बार साडेदहा फुटांवर. विंगा अरुंद आहेत. थर्माकोलचा विचारच नाही. २०१८ च्या बंदीत सजावटीचं थर्माकोलही गेलं आणि ते गेलं हे बरंच झालं. सगळं बांबू, प्लाय, गोणपाट आणि कागदात करायचं.

पहिला आराखडा बारा फूट बाय आठचा काढला. दोन टेकड्या, मध्ये सखल भाग, मागे अर्धवट तट, एका कडेला फुटकी पडाव.

६ एप्रिल

सामान घेण्याआधी हॉलच्या फरशीवर खडूने बारा बाय आठ आखलं आणि मुलांना त्यात तालीम करायला लावली. हे प्रत्येकाने करावं. खडूला दहा रुपये लागतात आणि हजारो रुपयांचं प्लाय वाचतं.

पोरीचं काम सहावीतली एक चिमुकली मुलगी करते आहे आणि टोपीकर झालाय नववीतला, उंचीने तिच्या दीडपट असलेला मुलगा. दोघे एरवी एकमेकांशी बोलत नाहीत. तो मागच्या इमारतीत राहतो. मोठ्या आखणीत दोघांनी आपापली टेकडी पकडली आणि तिथूनच वाक्यं म्हणाली. भांडणाचा प्रवेश होता, पण भांडण होईचना. आठ फुटांवरच्या माणसाशी भांडायची गरजच काय? ती सरळ पाठ फिरवून बसायची आणि प्रवेश तिथेच संपायचा.

खडूची चौकट पुसून आठ बाय सहा केली. थोडा फरक पडला. मग पाच बाय साडेतीन. आता त्याला पाय पसरायचा तर तिने उठायला हवं. तिला त्याच्याकडे पाठ करायची तर तिचा खांदा त्याला लागतो. पाणी कुणी प्यायचं यावरचं भांडण पहिल्यांदा खरं वाटलं, आणि त्याच जागेत दोघांना एकमेकांची दयाही येताना दिसली. एकही वाक्य बदललं नव्हतं.

तेव्हा ठरलं. बेट लहान करायचं आणि नाटक पुढे जाईल तसं आणखी लहान होत जाईल असं करायचं. भरती चढवायची. आपल्याकडे ओहोटीपासून भरतीला साधारण सव्वासहा तास लागतात. नाटकात ते पस्तीस मिनिटांत बसवायचे.

नवा आराखडा : खाली एक फूट उंचीची पायरी, वर अडीच फुटांवर पाच बाय साडेतीनचा माथा. सुरुवातीला दोन्ही वापरायच्या. भरतीत पायरी जाते, उरतो फक्त माथा, आणि त्यातही एका कोपऱ्यात पडाव.

८ एप्रिल

पालकांची बैठक. दोन मागण्या आल्या. एक, बेट आहे तर नारळाचं झाड हवं. दोन, खांदेरीचं दीपगृह मागे दाखवावं. दीपगृह १८६७ चं आहे, गोष्ट १६७९ ची. तो विषय लगेच मिटला. नारळावर जास्त वेळ गेला. माझं म्हणणं असं की अलिबाग-थळच्या समोरची ही बेटं म्हणजे काळा कातळ आहे. त्यावर कालवं चिकटलेली, पाय कापणारी. पिवळी वाळू आणि डुलणारा माड दिसला की प्रेक्षकाला सहल आठवते, आणि मला त्याला पाय कुठे ठेवायचा ही धास्ती द्यायची आहे. शिवाय सात फुटी झाड उभं केलं की नजर वर जाते, दोन मुलांवरून उठते. झाड रद्द झालं.

१२ एप्रिल

सांगाड्याचं काम. मिस्त्रींनी माथ्यासाठी अठरा मिलिमीटर आणि पायरीसाठी बारा मिलिमीटर प्लाय सुचवलं. माथ्यावर दोन मुलं उडी मारणार आहेत, तेव्हा तिथे काटकसर नको असं ते म्हणाले आणि ते पटलं. पाय बोल्टने सुटे होणारे केले. आमच्या चाळीच्या जिन्यातून अडीच फुटांपेक्षा रुंद काही वर जात नाही आणि नेपथ्य रात्री गच्चीवरच ठेवायचं आहे. म्हणून माथा दोन तुकड्यांत, खालून बिजागरी आणि दोन पट्ट्या. ज्यांना सामान जिन्याने चढवायचंय त्यांनी आधी जिना मोजावा, मग रंगमंच.

खडकाच्या आकारासाठी कोंबडीची जाळी घेणार होते. वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी टाकून दिलेली मासेमारीची नायलॉनची जाळी देऊ केली, म्हणाल्या, "ने गं, तशीही पडूनच हाय." बांबूच्या कामट्यांवर ती ताणून बांधली की खडकाचे खड्डे-उंचवटे हाताने हवे तसे ओढता येतात. तारेच्या जाळीने हात फाटतात, याने नाही. मुलांना हे काम देता आलं हा मोठाच फायदा.

वास मात्र भयंकर. साध्या साबणाने गेला नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवली, मग दोन दिवस कडक उन्हात. तरी थोडा राहिला. मुलगी म्हणाली, "ताई, राहू दे ना, बेटावर आल्यासारखं वाटतं." राहू दिला.

१७ एप्रिल

फसलं. जाळीवर गोणपाटाचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून लावले होते. काम पटकन संपावं म्हणून दोन थर एका दिवसात चढवले गेले. मुंबईची हवा एप्रिलात इतकी दमट की आतला थर वाळलाच नाही. आज पाहिलं तर आतून हिरवी-काळी बुरशी आणि आंबट वास. एक बाजू पूर्ण काढून टाकावी लागली. चार दिवसांचं काम गेलं.

आता असं चाललंय. खळ शिजवतानाच त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), जसं जुने बुकबाइंडर घालतात. मोरचूद विषारी आहे, म्हणून ही खळ मोठ्यांनीच हातमोजे घालून लावायची, मुलांनी नाही, आणि भांडं पुन्हा स्वयंपाकात न्यायचं नाही. एका दिवशी एकच थर. समोर टेबलफॅन, रात्रभर. शेवटच्या थराला खळीऐवजी फेविकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं. महाग पडतं, पण वरचा थर त्याने इतका टणक होतो की नख रुतत नाही.

२१ एप्रिल

माथा उभा केला आणि दोघांना चढवलं. डुगडुगला. मोठा मुलगा कडेला गेला की दुसरी बाजू उचलायची. वजनातला फरक बराच आहे आणि पाया अरुंद. मिस्त्रींनी पाय बाहेरच्या बाजूला तिरके केले, खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि चौकटीत वाळूच्या पिशव्या भरल्या. आता तीन मोठी माणसं एका कडेला उभी राहिली तरी हलत नाही. मुलं चढणार असलेल्या कुठल्याही लेव्हलची (रंगमंचावरच्या चौथऱ्याची) ही परीक्षा मोठ्यांनी आधी स्वतः चढून घ्यावी.

पण त्या डुगडुगण्यातून एक गोष्ट मिळाली. हलू नये म्हणून दोघं आपसूक समतोल साधत होती. तो उजवीकडे गेला की ती डावीकडे, कुणीही न सांगता. दिग्दर्शिका ताईंनी ते तसंच उचललं. लेव्हल आता घट्ट आहे, तरी मुलं ती हलते असं मानून वावरतात. एकमेकांचा शब्द न कळणारी दोन माणसं एकमेकांच्या वजनाचा अंदाज घेत राहतात. पहिल्या अर्ध्या नाटकाचा सगळा वावर त्यातून उभा राहिला.

२५ एप्रिल

समुद्र. मंगलदास मार्केटमधून निळं साटन आणलं, अकराशे रुपयांचं. वाया गेलं. दिव्याखाली ते इतकं चमकतं की मुलांचे चेहरे काळे पडतात, आणि ओढताना सळसळ एवढी की वाक्य ऐकू येत नाही. शिवाय आपल्या समुद्राचा रंग तो नव्हेच. ससून डॉकवर उभं राहून पाहावं. पाणी करडं, हिरवट, मातकट असतं.

उपाय चाळीतच सापडला. जुनी सुती नऊवारी लुगडी. आठ मीटरच्या आसपास सलग लांबी, मध्ये शिवण नाही, धुऊन धुऊन मऊ झालेली, ओढताना आवाज नाही. आज्यांनी पेट्या उघडल्या आणि सहा लुगडी मिळाली. राखाडी आणि हिरवा रंग मिसळून मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकळली. प्रत्येकाने रंग वेगळा धरला आणि ते फारच छान झालं. पाण्यालाही एकच एक रंग नसतो. काठ मुद्दाम रंगवले नाहीत. लुगडं वर चढताना काठाची रेघ पाण्याच्या कडेसारखी खडकावर सरकते.

लाटांच्या आवाजासाठी तांदूळ चाळायची मोठी चाळण, तळाला कागद चिकटवून त्यात तुरीचे दाणे. संथ फिरवली की ओहोटी, उभी धरून झटका दिला की खडकावर फुटणारी लाट. ध्वनिमुद्रित समुद्र आणला होता, पण तो मुलांच्या वाक्यांसाठी थांबत नाही. चाळणवाली मुलगी थांबते.

३० एप्रिल

भरतीची यंत्रणा. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, म्हणून सविस्तर.

लुगड्यांची खालची कड लेव्हलच्या तळाशी फरशीलगत ठोकलेली. वरच्या कडेला दर दोन फुटांवर पितळी कडी. कडीतून दोरी, दोरी मागच्या बांबूच्या खांबावरच्या कप्पीतून खाली विंगेत. असे तीन खांब, तीन दोऱ्या, तीन मुलं. दोरी ओढली की कापडाची कड खडकावर चढते.

पहिली अडचण : नायलॉनची दोरी ताणते. मुलगा फूटभर ओढतो, कापड सहा इंच चढतं, आणि तिन्ही बाजू वेगवेगळ्या. पडद्याला वापरतात ती विणलेली, न ताणणारी दोरी लोहार चाळीजवळून आणली. फरक लगेच दिसला.

दुसरी : कप्प्या किंचाळतात. तेल घातलं तर दोरी काळी होऊन लुगड्यावर डाग. मेणबत्ती घासली. पुरेसं आहे, दर प्रयोगाआधी पुन्हा घासायची.

तिसरी, मोठी : गोणपाटाच्या तंतूंत लुगडं अडकतं. एका तालमीत समुद्र डाव्या बाजूला पायरीवरच थांबला आणि उजवीकडे माथ्यापर्यंत पोचला. खडकाला काचकागद मारला, तंतू कातरले, तरी अडके. शेवटी कापड ज्या वाटेने चढतं तिथे रेक्झिनच्या पट्ट्या चिकटवून खडकाच्याच रंगात रंगवल्या. आता कुठेही थांबत नाही.

दोऱ्यांवर रंगीत दोरा बांधून पाच टप्पे केले. पांढऱ्या खुणेवर पायरी अर्धी बुडते, लालवर पूर्ण. मुलांना वाक्य नाही, खूण सांगायची. आणि चढ हळू हवा. कुणाच्याही लक्षात येऊ नये की पाणी चढतंय, आणि मग एकदम लक्षात यावं की आता खाली पाय ठेवायला जागा नाही.

४ मे

शिळा. खांदेरीवर एक दगड आहे, त्यावर आघात केला की धातूसारखा नाद येतो. बेटावर जाणारे सगळे तो वाजवून बघतात. दादाने ती शिळा नाटकापुरती उंदेरीवर आणली आहे, आणि खरी शिळा खांदेरीवर आहे हे सूत्रधार सुरुवातीला सांगतो. ते सांगायलाच हवं असा मी आग्रह धरला. खांदेरी आता २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, मुलं उद्या तिथे जातील, त्यांना चुकीचं ठिकाण माहीत नसावं.

नाटकात ही शिळा म्हणजे दोघांचं बोलणं आहे. पोरगी पाथरवटाची, ती सवयीने दगड वाजवून पाहते. टोपीकर उत्तरादाखल वाजवतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. शेवटी धुक्यात पडाव सोडताना याच ठोक्यांवर दोघं वल्ह्याचा ताल धरतात. म्हणजे नाद खोटा वाटला तर नाटकच खोटं.

लोखंडी पाइप वाजवला, तो घंटेसारखा बारीक. शाळेत घंटा म्हणून टांगतात तसला रुळाचा तुकडा फार जड. कुर्ल्याच्या भंगारातून ट्रकचा जुना ब्रेक ड्रम मिळाला, साडेतीनशे रुपयांत. नाद खोल आणि लांब टिकणारा. पण त्यावर कागदाचा लगदा चढवला आणि आवाज मेला. टकटक, बस. लगदा काढला. आता ड्रम खडकाच्या पोकळीत दोन दोऱ्यांवर टांगलेला आहे, कुठेही टेकलेला नाही, आणि पुढे त्याची कड तेवढी उघडी, काळ्या रंगाचा एक पातळ हात दिलेली. बाकी भाग रंगवलेल्या पातळ कापडाने झाकला. पोरीच्या हातोड्याच्या तोंडाला चामडं गुंडाळलं, नाहीतर धातूवर धातू आपटल्याचा कर्कशपणा येतो.

शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. अंगावर काटा आला.

८ मे

रंग. निव्वळ काळा लावला तर दिव्यात खड्डा दिसतो, खडक नाही. काळ्यात तपकिरी आणि थोडा निळा, वर कोरड्या ब्रशने राखाडी, पायरीच्या कडेला कालवांसाठी चुन्याचे शिंतोडे.

आग. नायलॉनची जाळी, गोणपाट, जुनं सुती कापड, सगळं पेट घेणारं. हॅलोजन काढून टाकले, एलईडीच वापरले. गोणपाटावर आणि लुगड्यांवर टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडरचं गरम पाण्यातलं द्रावण फवारून वाळवलं. दोन्ही विंगांत वाळूची बादली आणि अग्निशामक. त्यावर चर्चा नको.

१० मे

रंगीत तालीम. चौथ्या टप्प्याला मधली दोरी कप्पीतून निसटली आणि समुद्र मध्येच खाली पडला. मुलगी एक क्षण थांबली, मग तिने टोपीकराला धरून मागे ओढलं, जणू लाट मागे हटून पुन्हा येणार आहे. विंगेतल्या मुलाने तेवढ्यात दोरी हातानेच धरून ओढली. प्रवेश तुटला नाही. सहा आठवड्यांपूर्वी ही दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. कप्प्यांना दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण घातलं, आता दोरी बाहेर येऊ शकत नाही.

१३ मे

काल पहिला प्रयोग झाला. हॉल भरला होता. लाल खुणेच्या वेळी पुढच्या रांगेतला एक छोटा मुलगा मोठ्याने ओरडला, "अरे, खाली पाणी आलं!" मला हवं होतं ते हेच.

दुरुस्त्या : डाव्या बाजूची एक रेक्झिन पट्टी सुटली, ती फेविकॉलऐवजी खिळ्यांनी मारायची. लुगड्याच्या दोन कड्या उसवल्या, तिथे आतून पट्टी लावून शिवायचं. ड्रमची एक दोरी झिजली आहे, साखळी बसवायची आणि तिला कापड गुंडाळायचं म्हणजे खुळखुळणार नाही.

खर्च : प्लाय ३,२००, बांबू-कामट्या १,६००, गोणपाट, मैदा आणि फेविकॉल १,५००, कप्प्या-दोरी ९००, रंग १,४००, ड्रम ३५०, टेम्पो १,८००, आणि वाया गेलेलं साटन १,१००. अकरा हजार आठशे पन्नास. जाळी, लुगडी, वाळू आणि मिस्त्रींचे कष्ट फुकट मिळाले. ते विकत घ्यावे लागले असते तर आकडा दुप्पट झाला असता.

लालबागच्या एका मंडळाने हे बेट त्यांच्या मुलांसाठी मागितलं आहे. त्यांचा रंगमंच बावीस फूट रुंद आहे आणि माथा थोडा मोठा करून मिळेल का असं ते विचारत होते. पाच बाय साडेतीनच नेणार असाल तर न्या, असं सांगितलं. ते उद्या टेम्पो घेऊन येतायत. बोल्ट, खुणांच्या दोऱ्या आणि मेणबत्ती एका पिशवीत भरून पायरीच्या आत बांधली आहे.